विहिरीभोवतीची लाट

आमचा भाडेकरू जयेश विहिरीला फेऱ्या घालतो. देवळाला घालाव्यात तशा, पण तोंडात देवाचं नाव नाही. "चालली... चालली... चालली..." आणि मग कपाळावर हात मारून, "गेली!" दर फेरीला पंपाच्या ओट्याशी मात्र थबकतो. दोन श्वास घेतो आणि पुन्हा सुटतो.

माणूस तलासरीचा. घरी गोतावळा मोठा, तिथे डोकं चालत नाही म्हणून नरपडला आमच्या चिकूच्या वाडीत खोली मागायला आला. मी सहावी नापास, पण भाडेकरू पारखून घेतो.

"धंदा काय?"

"स्फोट करतो, काका."

मी काठी उचलली. आमची मंदा पदर तोंडाला लावून हसली. "अहो, कंप्युटरात करतो तो. बसू द्या त्याला."

तो सांगतो ते असं. पोकळ गोल भांडं, त्यात स्फोटाची लाट गरागरा फिरत ठेवायची. विझली नाही, तर त्यावर उद्या रॉकेट उडेल. खरं भांडं नाही, खरी आग नाही. सगळे आकडे.

"माचीसची काडीसुद्धा लागत नाही, काका."

"मग चहा कशावर करतोस?"

चहा मंदाच द्यायची. मच्छीवाली मात्र आत यायची बंद झाली. फाटकातूनच ओरडायची, "दादा, बॉम्बवाला ठेवलाय म्हणं? बोंबील इथंच ठेवते!"

कंप्युटर आत हिशेब करत बसतो, तोवर हा बाहेर लाटेसारखा फिरतो. हिशेब बिघडला की लाट विझते. मग जेवण नाही, आंघोळ नाही, नुसत्या फेऱ्या.

पाऊस सरला आणि मंदा गेली. छातीचा आजार होता. तेव्हापासून मला घरात बसवत नाही, वाडीत उभं राहवत नाही. आणि याच्या चपला आपल्या फटक, फटक, फटक. माझं माणूस थांबलं, याचं इंजिन थांबेना. डोकं फिरलं. काल संध्याकाळी उठलो आणि उलट्या बाजूने जाऊन ओट्यापाशी त्याला आडवा आलो.

"जयेश, खोली खाली कर."

त्याने चष्मा काढला. "करतो, काका."

भांडला असता तर बरं वाटलं असतं. "आणि इथे काय पुरलंयस रे? दर वेळी इथेच काय थांबतोस?"

"काकूंना इथे दम लागायचा."

डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं. त्या वेळेला मी चिकूचे क्रेट घेऊन डहाणूला गेलेला असायचो. तेव्हा हा पुढे, ती मागे, असं तो सांगू लागला. ओट्यावर टेकायची, श्वास जमला की म्हणायची, "हां, चल."

"आता कोण दमतंय?"

"कुणी नाही. पाय थांबतात."

तसाच पुढे निघालो, तर त्याने हात आडवा केला. "तिकडून नको, काका. लाटा समोरासमोर आल्या की आदळून दोन्ही विझतात. माझ्या मागून या."

"मी काय लाट आहे?"

"बसवत नाही ना तुम्हाला?"

शिवी तोंडाशी आली होती, गिळली. वळलो, त्याच्या मागे लागलो. एक फेरी झाली. ओट्यापाशी तो थांबला, मीही थांबलो.

"दम लागला, काका?"

"नाही," मी म्हणालो. "थांब जरा."

मग ओट्यावर टेकलो. थोड्या वेळाने म्हणालो, "हां, चल."