हौश्याचं चित्र

एआयकडून चित्रं कशी काढून घ्यायची, त्याला नेमकं सांगायचं कसं, याचे फुकटचे व्हिडिओ मी लागोपाठ बघितले, एक पीडीएफही वाचली आणि रिहे गावातल्या आमच्या ओसरीवर जाहीर करून टाकलं, "आता कुणीही काहीही सांगा, हुबेहूब चित्र काढून देते!"

माझे सासरे गेणबा, म्हणजे मामंजी, 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडे फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "हौश्याचं काढ."

हौश्या त्यांचा बैल. गेल्या वर्षी म्हातारा होऊन गेला. त्याचा एकही फोटो नव्हता.

मी 'पांढरा बैल' असं लिहिलं. आला तो परदेशी, गुबगुबीत, नुकताच केक खाऊन उठल्यासारखा.

"ह्याला वशिंडच न्हाई," मामंजी म्हणाले.

पीडीएफमध्ये लिहिलं होतं, जितके बारकावे द्याल तितकं चित्र खरं. मी म्हटलं, "मामंजी, बारकावे सांगा."

आणि धरणाचं दार उघडावं तसे मामंजी सुटले. "वशिंड डावीकडं कललेलं. उजव्या शिंगाचं टोक आत वळलेलं. कपाळावर भवरा. चिखलात पाय टाकायच्या आदी मान वळवून माज्याकडं बघायचा."

मी लिहीत गेले. एकदा पाच पाय आले, एकदा शेजारी उभ्या शेतकऱ्यालाच शिंगं फुटली. शेवटी मान वळवून बघणारा हौश्या आला. मामंजींनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि स्वच्छ असलेली काच उपरण्याने पुसली.

मला चेव आला. भावकीच्या ग्रुपवर चित्र टाकलं, 'आमचा हौश्या'. ग्रुपमधल्याच हैबतकाकांनी ते 'विकणे आहे' म्हणून पुढे ढकललं. सकाळी टेम्पो घेऊन गिऱ्हाईक दारात!

"बैल कुटंय?"

"मोबाईलमध्ये," मी म्हणाले.

गिऱ्हाईक तापलं. मामंजींनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि हौश्याचा सगळा जन्म सांगितला. रिकामा टेम्पो नेताना तो माणूस नाक ओढत होता. दुपारी दुसरा आला. त्यालाही चहा, त्यालाही हौश्या.

कपबश्या विसळता विसळता माझ्या सासूबाई गोजराबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या, "बैलाच्या शिंगाचं टोक ध्यानात हाय. आन माजं? लग्नात मी कशी दिसत व्हते, सांगा की सुनेला."

मामंजींनी बराच विचार केला. "हिरवं लुगडं व्हतं."

"निळं व्हतं."

मामंजी खाली बघत म्हणाले, "हौश्या गेला म्हणून आठवावा लागतो. तू रोज समोर हायेस. तुला कशाला आठवू?"

आत्याबाई पदराने तोंड पुसत आत गेल्या. कपबश्या तशाच राहिल्या.

मलाच इतकं भरून आलं की त्यांचं ते बोलणं, निळ्या लुगड्यासकट, मी जसंच्या तसं एआयला लिहून दिलं.

निळं लुगडं नेसलेला बैल आला. आत्याबाईंना अजून दाखवलेला नाही.