चढावरचा भरलेला बाक

“तिथं कुणी बसतच नाही, मॅडम,” साहेब म्हणाले आणि त्यांनी चढावरच्या बाकाची फाइल बंद करायच्या ढिगावर ठेवली.

नगररचना विभागात नव्यानं लागलेल्या नियोजक बाईंची ही पहिलीच योजना होती. बाजाराकडून वस्तीकडे जाणारा रस्ता चांगलाच उभा. बायका तो चढणार म्हणजे दोन्ही हातांत पिशव्या, काखेत मूल आणि मागून “हळू गं” म्हणत येणारी सासू. त्यांना मध्ये कुठंतरी बूड टेकायला जागा हवी, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. साहेबांनी रीतसर पाहणी करवली. दोन पाहणीदार आठवडाभर मोटारसायकलवर रेलून चढाकडे बघत राहिले आणि त्यांनी अहवाल दिला, ‘चढावर एकही व्यक्ती बसलेली आढळली नाही. सबब बाकाची गरज नाही.’

“बसायला काही नाही म्हणून बसत नाहीत, सर!”

“ते तुमचं मत झालं. आणि मी रोज येतो की त्या चढावरून. दम लागण्यासारखं काय आहे तिथं?”

“तुम्ही गाडीतून येता, सर.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “दुपारच्या बैठकीत फाइल बंद होईल. बाक सगळे कारंज्यापाशी लावू.”

कारंज्यापाशी सावलीचा पत्ता नव्हता, पण तिथं फोटो छान यायचे. बाई जागेवर येऊन बसल्या. पहिलीच योजना अशी पाण्यात जाताना बघून त्यांना रडू येत होतं, पण ऑफिसात रडायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

इकडे कारंज्याचे बाक घेऊन निघालेला ट्रक त्याच चढावर धापा टाकू लागला. ट्रकवाल्यानं भार कमी करायला एक बाक रस्त्याच्या कडेला उतरवला, ट्रक वर नेऊन लावला आणि हमालांना घेऊन तो बाक न्यायला खाली आला. पाहतो तर बाकावर एक आजीबाई भाजीच्या पिशव्यांसह ऐसपैस बसलेल्या.

“मावशी, उठा. सरकारी बाक आहे.”

“मग बरोबर बसलेय. कर भरते मी.”

त्यानं ऑफिसात फोन लावला. तो नेमका नियोजक बाईंनी उचलला.

“मॅडम, बाक गेला!”

“चोरीला?”

“नाही हो. भरला!”

खरंच भरला होता. आजीबाई जरा सरकल्या तशी एक पोटुशी बाई टेकली. ती उठायच्या आत रात्रपाळी करून निघालेली नर्स आली. तिनं उठताना खालून येणाऱ्या शिंपीणबाईंना हाक मारली, “या, या, जागा धरलीये!” ट्रकवाला बाक मोकळा व्हायची वाट बघत उभा, आणि बाक काही मोकळा होईना.

साहेबांना कळलं तसा त्यांचा पारा चढला. “हे तुमचंच कारस्थान! चला, माझ्यासमोर उचलायला लावतो.”

चढावर गाडी उभी करायला मनाई होती. ती पाटी खुद्द साहेबांनीच लावलेली. तेव्हा गाडी पार खाली बाजारात लावून दोघं पायी निघाले. चार पावलांत साहेबांचं बोलणं तुटक झालं. बाकापर्यंत पोचेस्तोवर ते बंदच पडलं. आणि बाकावर बसलेल्या आजीबाईंना पाहून नियोजक बाईंनी कपाळाला हात लावला. ती त्यांची आई होती.

“उचला!” साहेब कसेबसे म्हणाले.

“आजीबाईंसकट?” हमालांनी विचारलं.

“सकट!”

बाकीच्या उठल्या. आई उठली नाही. चौघांनी बाक उचलला आणि आई पिशव्या मांडीवर घेऊन निघाली वर, थाटात. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून माणसं डोकावू लागली.

“डावीकडे खड्डा आहे रे, सांभाळा,” आई सांगत होती. “आणि इथं ऊन लागतंय. त्या झाडाखाली घ्या जरा.”

झाडाखाली हमालांचा दम संपला. त्यांनी बाक ठेवला आणि स्वतःच खाली सावलीत बसकण मारली. मागून साहेब आले, घामानं निथळत, एक हात छातीवर.

“अगंबाई, बसा हो,” आई सरकली. साहेब बसले. बसले म्हणजे पसरलेच.

“तुम्ही कुठं असता कामाला?”

“नगररचनेत.”

“मग माझ्या छकुलीला ओळखत असाल!” आईनं लेकीकडे बोट केलं. लेकीचे कान लाल झाले. “तिनंच शोधून काढलं, बाक हवा तर इथंच हवा म्हणून. ऊन-सावली बघत दिवस दिवस हिंडलीय या चढावर. वस्तीत सगळ्यांना सांगितलंय मी, माझी मुलगी रस्त्याचा विचार करते, पण रस्त्यावरून चालणाऱ्यांचा आधी करते. पण ऑफिसात कुणीतरी एक दीडशहाणा नको म्हणतो म्हणे. कोण हो तो?”

साहेबांनी रुमाल काढून अख्खं तोंड झाकत घाम पुसायला घेतला. नियोजक बाईंना मात्र मघाशी दाबलेलं रडू आता आलं, आणि ते त्यांनी अडवलं नाही. आपल्या आईचा इतका अभिमान त्यांना कधीच वाटला नव्हता.

दुपारी बैठकीत फाइल निघाली. साहेबांनी कुणाकडे न बघता शेरा मारला, ‘सदर चढावर नागरिक बसतात. प्रत्यक्ष बसून खात्री केली. एक बाक मंजूर.’

संध्याकाळी लेकीनं धावत येऊन आईला तो वाचून दाखवला. आईची छाती फुगली, पण समाधान झालं नाही.

“एकच कसा? बसल्याचं लिहिलं, पण उठत नव्हते ते नाही लिहिलं? मागं बायका ताटकळल्या होत्या, शेवटी मलाच उठवावं लागलं साहेबांना. उद्या जाऊन सांग, दोन हवेत. एक साहेबांना लागतो.”