क्लॅरीची गाडी डावीकडे जाते

"आतून बाहेर हात फिरव," क्लॅरी म्हणाला. "कसं लागतं?"

"टायरसारखं," रोवेना म्हणाली.

"आता बाहेरून आत फिरव."

"हं. जरा खरखरीत आहे."

"जरा? करवत आहे करवत! म्हणजे काय झालंय, की पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी बाहेर बघतायत. सरळ पळायचं सोडून रस्त्यावर फरफटतायत. म्हणून आतली कड झिजतेय आणि बाहेरची नव्यासारखी. कळलं?"

रोवेनाने मान डोलावली आणि हात पँटला पुसला. ती ब्रिस्बेनच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि शनिवार-रविवारसाठी वुलगारा या आपल्या गावी बापाकडे आली होती. क्लॅरीचं सगळं आयुष्य आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर फिरवण्यात गेलं होतं. रस्ते सपाट करणं हे काम आणि त्या रस्त्यांनी टायरांचं काय केलं ते बघणं ही करमणूक. त्याची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह, मागे उघडा हौदा असलेली, अंगणात उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्याने खुंट्यांना बांधून मासे धरायची दोरी ताणली होती. दोरीपासून चाकाची पुढची कड किती लांब, मागची किती लांब, हे मोजलं की चाक कुठे बघतंय ते कळतं. ग्लेनिसच्या टायरच्या दुकानात यासाठी यंत्र होतं. पण यंत्राला विचारणं क्लॅरीला कमीपणाचं वाटे.

डाव्या बाजूचा मागचा खुंटा मोडका होता, म्हणून त्या दोरीचं मागचं टोक रोवेनाच्या हातात आलं. दुसऱ्या हातात कादंबरी होती. कादंबरीत एका जोडप्याचं भांडण अगदी रंगात आलेलं. पान उलटायला बोटं कमी पडली आणि दोरी चार बोटं सरकली. रोवेनाने ती अंदाजाने पुन्हा जागेवर नेली.

"ताठ धरलीयस ना?"

"हो रे, डॅड."

क्लॅरीने मोजलं, भुवया उंचावल्या, पुन्हा मोजलं, आणि गाडीखाली शिरून डाव्या चाकाची दिशा ठरवणारा दांडा फिरवला. संध्याकाळी तो एक फेरी मारून आला.

"कशी चालते?" तिने विचारलं.

"चालते," तो म्हणाला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला. पहाटे तो झोपेतच गेला.

वुलगारात शववाहिका नव्हती. ज्याचं माणूस, त्याची गाडी, आणि चालवायचीही घरच्यानेच, अशी रीत. शुक्रवारी सकाळी शवपेटी हौद्यात चढवून झाली तेव्हा शेजारचा नेव्ह टोपी हातात फिरवत पुढे आला.

"रो, मी चालवू का? नाही म्हणजे, क्लॅरीची गाडी हल्ली जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. जरा क्लॅरीसारखी आहे. आपल्याच मनाने चालते."

"मीच चालवणार, नेव्ह."

गावात तिला सगळे पुस्तकवाली म्हणत. लहानपणी बापाच्या ग्रेडरमध्ये बसून वाचायची म्हणून आधी कौतुकाने, आणि पुढे शहरात जाऊन वर्षातून दोनदा तोंड दाखवायला लागली म्हणून जरा कमी कौतुकाने. आज सगळं गाव मागे असणार होतं. आजचा दिवस तरी क्लॅरीला मान खाली घालायला लावायची नाही, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी अगदी सरळ धरलं. गाडी लगेच डावीकडे निघाली.

दफनभूमीच्या रस्त्याला डांबराची एकच पट्टी आहे, एका गाडीपुरती. समोरून मालाचे तीन-तीन डबे ओढणारा ट्रक आला की डावी चाकं कडेच्या खडीवर उतरवायची आणि जीव वाचवायचा. हे वुलगाराच्या माणसाला चालायला शिकायच्या आधी कळतं. रोवेनाची डावी चाकं खडीवर उतरली. मागच्या नेव्हने ते पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता आपलीही उतरवली. त्याच्या मागच्याने त्याचं पाहून. बघता बघता सगळी अंत्ययात्रा खडीवर उतरली आणि धुळीचा असा लोट उठला की शेवटच्या गाड्यांना पुढे ट्रक आहे की डोंगर, काही दिसेना.

रोवेनाने आरशात पाहिलं. सगळे खडीवरून चाललेले! प्रेत नेताना डांबरावरून न्यायचं नाही अशी काही रीत असेल आणि आपण विसरलो असू तर? बरं झालं, चुकून का होईना, पाळली गेली. ती तशीच, हळू, आदराने खडीवरून चालवत राहिली. ती वर येत नाही म्हटल्यावर मागचेही येईनात. एवढ्यात समोरून टपालाची गाडी आली. एवढी मोठी रांग खाली उतरलेली पाहून टपालवाल्यानेही आपली गाडी त्याच्या बाजूच्या खडीवर घातली आणि टोपी काढली. डांबराची पट्टी मधोमध रिकामीच राहिली.

पुढे फाटा होता. सरळ गेलं की दफनभूमी, डावीकडे गावाचा उकिरडा. उकिरड्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी खडीत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. सरळ धरलेल्या स्टिअरिंगसकट रोवेना त्यात अलगद शिरली. तिने उजवीकडे ओढायचा प्रयत्न केला, पण चाकोरीने तिला सोडलं नाही. मागे फिरावं तर पाठीशी अख्खं गाव. गाडी थांबली ती मोडक्या फ्रिजांच्या ढिगासमोर. तिच्यामागे एकेक करून सगळे आले आणि रांगेत उभे राहिले.

धूळ खाली बसली. नेव्ह उतरून खिडकीशी आला.

"क्लॅरीची शेवटची इच्छा होती का?" त्याने हळूच विचारलं.

"शोभतं हं त्याला," मागून कुणीतरी म्हणालं. "रविवारी चर्चमध्ये कधी दिसला नाही, पण इथे न चुकता यायचा."

टोप्या उतरल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले. रोवेनाने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बापाला उकिरड्याची इच्छा चिकटवायला तिची जीभ रेटेना.

"नाही," ती म्हणाली. कान तापले होते. "मी स्टिअरिंग सरळच धरलं होतं. गाडी आपोआप डावीकडे आली."

झालं. तिने दुसरं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. डोळे कोरडे झाले, टोप्या बॉनेटवर जमा झाल्या आणि सगळं गाव डाव्या चाकाभोवती उकिडवं बसलं. टायरवरून हात फिरू लागले. आतून बाहेर, बाहेरून आत.

"हवा कमी आहे."

"हवेनं आतलीच कड कशी झिजेल, गाढवा? रबरी बुश गेलेत."

"बुश तुझे गेलेत. सरका!"

सरका म्हणणारी ग्लेनिस होती. तिने ठेवणीतला काळा झगा गुडघ्यावर गोळा केला आणि सरळ गाडीखाली शिरली. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"हा दांडा नुकताच फिरवलाय. आणि उलटा! क्लॅरी मेला तरी असं करायचा नाही."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. "माफ कर, क्लॅरी," ती वर हौद्याच्या दिशेने म्हणाली. "पण दोरी कुणी धरली होती?"

सगळे एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. फ्रिजावर बसलेला कावळाही मान वाकडी करून बघू लागला.

"मी," रोवेना म्हणाली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. "मी पुस्तक वाचत होते."

"कुठलं?" मागून प्रश्न आला.

"ते राहू द्या."

नेव्हने घसा खाकरला. "त्याला ठाऊक होतं गं. त्या संध्याकाळी माझ्याकडेच आला होता, स्टिअरिंग हे असं तिरकं धरून. म्हटलं, चल, आत्ता सरळ करू, काय मोठं काम आहे? तर म्हणतो कसा, 'सोमवारी करू. पोरगी जाऊ दे. तिला कळलं तर परत दोरी धरायची नाही.'"

रोवेनाने पाठ फिरवली आणि समोरच्या फ्रिजच्या दारावरची सूचना मन लावून वाचायला घेतली. मांस वरच्या कप्प्यात ठेवावे, असं तिथे लिहिलं होतं. ते तिने बराच वेळ वाचलं. कुणी घाई केली नाही.

मग ग्लेनिसचा हात गाडीखालून बाहेर आला. "पाना द्या. आणि त्या पुष्पचक्राची फीत सोडा, दोरीला होईल."

रोवेना फीत धरायला पुढे झाली.

"रो," नेव्ह म्हणाला, "तू दोरी सोडून काहीही धर."

तिने ग्लेनिसची पर्स धरली. एवढ्यात नेव्हचा फोन वाजला. दफनभूमीत ताटकळलेले पाद्री विचारत होते, कुठे राहिलात?

"अलाइनमेंट चाललंय," नेव्हने सांगितलं.

"अस्सं," पाद्री म्हणाले. "मग घाई नको. आणि ग्लेनिसला म्हणावं, माझीही गाडी ओढते, उजवीकडे."

उरलेल्या वाटेवर गाडी डांबराच्या पट्टीवरून रेघ मारल्यासारखी गेली.

खड्ड्याभोवती सगळे उभे राहिले. निम्म्यांच्या हातांना ग्रीस होतं. पाद्रींनी मान हलवल्यावर रोवेना पुढे झाली. चार चांगल्या पुस्तकांतली चार चांगली वाक्यं तिने पाठ केली होती. तिने तोंड उघडलं, पण त्यातलं एकही बाहेर येईना. शेवटी तिने लोकांकडे बघायचं सोडून खाली पेटीकडे पाहिलं.

"डॅड," ती म्हणाली, "तुझं ते टायरपुराण मला कधी कळलं नाही. एक अक्षरसुद्धा नाही. पण तू एकेक चाक घेऊन सांगत असायचास ना, तेव्हा दर वेळी वाटायचं, गाडीला आणखी दोन चाकं असती तर बरं झालं असतं."