गोड झालेला प्लारा

भाताची कापणी सुरू होईल तोवर परसातलं गांज्याचं झाड छपराला टेकेल आणि झाड छपराला टेकलं की बायको घरी येईल, असं थोंगदामने सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. यातल्या पहिल्या भागावर गावाचा विश्वास बसला. दुसऱ्यावर कुणाचाच नाही.

त्याची बायको चानफेंग लेकीच्या बाळंतपणासाठी दूर रायोंग शहरात गेली होती. महिन्याभरासाठी! ती गेली तेव्हा शेतात लावणी चालली होती. आता लोंब्या पिवळ्या पडायला आल्या तरी तो महिना काही संपत नव्हता. बाळाला ताप आला, मग दात आले, मग रातदाची, म्हणजे लेकीची, कारखान्यातली पाळी बदलली. थोंगदामला त्या एवढ्याशा नातवाचा राग यायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. घर खायला उठलं होतं. तांदूळ भिजत घालताना त्याचा हात अजून दोघांच्या मापाने चाले. उरलेला भात कोंबड्यांना जाई. घरात सुखी अशा त्या तेवढ्याच होत्या.

एकदा फोनवर चानफेंग सहज बोलून गेली, "आमची आई कोंबडीच्या रश्शात गांज्याची चार पानं टाकायची, आठवतं का? काय चव यायची! तसा रस्सा मिळाला ना, तर चालत येईन मी."

पुढे कायदा आला, गावातली झाडं उपटली गेली आणि रश्शातली ती चवही गेली. पण आता सरकारने घरी झाड लावायला पुन्हा मुभा दिली होती. थोंगदामने 'चालत येईन' एवढे दोन शब्द घट्ट धरून ठेवले आणि कामाला लागला.

"दुकानातलं पोत्यातलं खत म्हणजे पैसे मातीत घालणं," तो शेजारच्या विचायला ऐकवायचा. "सगळं फुकटात करून दाखवतो की नाही बघ."

त्याने म्हशीचं शेण वाळवलं, भाताच्या तुसाची राख केली, अंड्यांची टरफलं कुटली. देवळामागच्या गुहेतून वटवाघळांची विष्ठा आणली. भिक्खूंनी ती आनंदाने दिली आणि वर अख्खी गुहा झाडून घेतली. या सगळ्यावर कडी म्हणजे माशांची आतडी आणि उसाची मळी एका रांजणात कुजत घातली. झाडाला हे रोज एक वाटी.

त्या रांजणाशेजारीच चानफेंगचा रांजण होता. त्यात तिने गेल्या थंडीत मिठात मुरत घातलेली मासळी होती. प्लारा! प्लाऱ्याशिवाय कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणजे नुसतं गवत. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं, म्हणून थोंगदाम जपून, चमचा-चमचा काढायचा. तिच्या रांजणाला लाल फडकं, खताच्या रांजणाला निळं. वासावरून फरक कळण्यातला नव्हता. कुठलंही झाकण उघडलं तरी कुत्रा उठून विचायच्या अंगणात जायचा.

सगळं बिघडलं ते प्रेमापोटी. बायको येणार तर घर जरा नीटनेटकं असावं म्हणून थोंगदामने ती दोन फडकी धुतली. उन्हात वाळवली. गुणगुणत परत बांधली आणि बांधताना लालची जागा निळ्याने घेतली.

त्या दिवशीच्या कोशिंबिरीचा पहिला घास घेतला आणि तो थांबला. जराशी गोड लागत होती.

"मुरला," तो स्वतःशी म्हणाला आणि डोळे मिटून सगळी थाळी संपवली. दुपारपासून पोटात कालवाकालव सुरू झाली. ती बायकोच्या आठवणीने होते आहे असं त्याला मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी आठवण फारच अनावर झाली आणि त्याला तीनदा परसाकडे धावावं लागलं.

इकडे झाड माना टाकायला लागलं. पानांची टोकं जळाली.

"उपाशी आहे ते," विचायने कुंपणावरून निदान केलं. "घाल आणखी. हात आखडू नकोस."

थोंगदामने वाटीच्या दोन वाट्या केल्या. झाड आणखी सुकलं. संध्याकाळी तो झाडाजवळ जाऊन बसे. दोघांची अवस्था सारखीच दिसे.

रविवारी चानफेंगचा फोन आला. "जेवलात का?"

"जेवलो ना, तुझ्या प्लाऱ्यावरच जगतोय. काय सांगू, दिवसेंदिवस गोड होत चाललाय."

"काय होत चाललाय?"

"गोड. तुझी माया मुरलीय त्यात."

पलीकडे तिने बाळाला खाली ठेवलं. मग म्हणाली, "रातदाच्या बा, माझा प्लारा जन्मात कधी गोड झालेला नाही. कुठल्या रांजणातला खाताय?"

"लाल फडक्याच्या."

"आणि झाडाला काय घालताय?"

"निळ्या फडक्याचं."

"फडकी धुतली होतीत?"

"अगदी स्वच्छ!" तो अभिमानाने म्हणाला. "तू येणार म्हणून."

फोन बंद झाला.

थोंगदाम उठला, निळं फडकं सोडलं आणि बोट बुडवून चाखलं. खारट. तीच ती चव, तोच तिचा हात. त्याचे डोळे भरून आले. इतके दिवस तिची आठवण तो झाडाच्या मुळाशी ओतत होता आणि स्वतः खत खात होता. रांजणात आता तळाला चार काटे उरले होते. आता ती कशाला येते, असं म्हणत त्याने फडकं पुन्हा बांधलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने चानफेंग उतरली. नवऱ्याकडे न बघता ती थेट रांजणांकडे गेली. एकात डोकावली, दुसऱ्यात डोकावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझा प्लारा!" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पोट कसं आहे?"

"वाढ चांगली होईल त्याच्या पोटाची," कुंपणावरून विचाय म्हणाला. "इतकं खत कुणाच्या नशिबी असतं?"

झाडावर मोजकी पानं तग धरून होती. चानफेंगने ती खुडली, थोंगदामच्या भातावर पोसलेली सर्वांत जाड कोंबडी धरली आणि चूल पेटवली. रस्सा उकळल्यावर चव घेतली आणि मिठाचं भांडं परत फळीवर ठेवून दिलं.

"आईच्यासारखा झालाय?" त्याने भीतभीत विचारलं.

"नाही. आईच्या रश्शातली पानं खारट नसायची." पण तिने आणखी दोन पळ्या वाढून घेतल्या.

परत कधी निघणार हा प्रश्न थोंगदामच्या ओठावर आला होता. तो विचारायची त्याला हिंमत होत नव्हती.

"बाळाजवळ रातदाची सासू आलीय," चानफेंग आपणहून म्हणाली. "परवा परत जायचं ठरवलं होतं. पण रिकामा रांजण टाकून जाऊ कशी? तळ्याचं पाणी उतरलंय, मासळी आत्ताच मिळेल. भरते आणि मुरेपर्यंत इथेच बसते राखण करत. तुमच्या भरवशावर नाही ठेवायची मी."

थोंगदामने चेहरा शक्य तितका पडलेला ठेवला. "मुरायला किती लागतं?"

"वर्ष."

"आणि अगदी उत्तम हवा असेल तर?"

"तीन वर्षं."

"मग उत्तमच घाल," तो म्हणाला. "मध्ये मध्ये फडकी धुवायला मी आहेच."