पाचवा अर्ज

अर्ज कसा भरावा हे या जगात दोनच माणसांना कळतं. त्यातला एक मी, आणि दुसरा अजून जन्माला यायचाय! हसू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात मी बावीस वर्षं लिपिक आहे. परदेशात एक सत्र शिकायला जा, शिबिराला जा, परिषदेला जा, कुठंही जायचं झालं तरी पोरांना आधी माझ्या टेबलावरून जावं लागतं. मी स्वतः कुठं गेलेलो नाही, ते सोडा. सिग्नलवाला कधी गाडीत बसतो का?

तर नवीन सत्र सुरू झालं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात 'संधी सप्ताह' असतो. मोठ्या सभागृहात टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर एकेका देशाचा झेंडा नि माहितीपत्रकांचा गठ्ठा. पोरं झुंबड करून येतात, फुकटची पेनं उचलतात आणि पसार होतात! अर्ज कुणी भरत नाही. आठ पानी अर्ज बघूनच त्यांना घाम फुटतो. म्हणून मी दर वेळी एक नमुना अर्ज स्वतः भरून काचेच्या सूचना फलकात लावतो. बघा आणि असा भरा!

गेल्या वर्षी नमुन्यात नाव लिहिलं होतं 'अबक', आणि वडिलांचं नाव 'कखग'. परिणाम काय? तिघांनी आपल्या वडिलांच्या नावापुढे इमानेइतबारे 'कखग' लिहिलं! तिकडून विचारणा आली, ही तिघं भावंडं आहेत काय?

आमच्या संचालकबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी खऱ्या माणसाची माहिती भरा. नाहीतर तुमचा नमुनाच नको मला."

"बाई, यंदा असा नमुना करतो की पाचच्या पाच जागा भरतील. नाही भरल्या तर नाव लावणार नाही!" मी ठोकून दिलं. परदेशातलं एक विद्यापीठ दर वर्षी आमचे पाच विद्यार्थी चार महिन्यांसाठी बोलावतं, सगळा खर्च त्यांचा. तरी आजवर तीनच्या वर जागा कधी भरल्या नव्हत्या.

आता खरी माहिती, अगदी जन्मतारखेसकट, मला एकाच विद्यार्थिनीची पाठ. आमच्या हिची! लग्न झालं तेव्हा हिचं कॉलेज अर्ध्यात सुटलं. पुढे संसार, मुलगा, माझी आई. मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हिनं आमच्याच विद्यापीठात भूगोलाला नाव घातलं. वर्गातली पोरं हिला 'काकू' म्हणतात आणि परीक्षा आली की हिच्या वह्या पळवतात.

"इथं सही कर गं जरा."

"कशावर?"

"बोर्डावर लावायचंय काहीतरी."

हिचे हात ओले होते, गॅसवर दूध होतं. हात पुसले, सही ठोकली आणि दुधाकडे धावली. वाचलंसुद्धा नाही! माझ्या 'काहीतरी'वर या बाईचा सव्वीस वर्षं विश्वास आहे.

शेवटच्या पानावर प्रश्न असतो, 'तुम्हाला का जायचं आहे?' पोरं इथं काय वाट्टेल ते लिहितात. 'मला माझा सर्वांगीण विकास साधायचा आहे.' म्हणजे काय रे बाबा? मी ठरवलं, दाखवूच यांना खरं उत्तर कसं असतं ते. रविवारी दुपारी बसलो. ही शेजारच्या खोलीत अभ्यास करता करता पुस्तकावरच डोकं टेकून झोपली होती. मी दारातून तिच्याकडे बघत होतो आणि लिहीत होतो.

'माझा मुलगा शाळेत असताना त्याचे नकाशे मीच रंगवायचे. जगातल्या सगळ्या नद्यांना मी निळा रंग दिला आहे. त्यांतल्या एकीतही पाय बुडवलेला नाही. सव्वीस वर्षांत मी कधी एकटी प्रवासाला गेले नाही. कुणी अडवलं नाही, पण कुणी जा असंही म्हटलं नाही.'

तीनशे शब्द कधी झाले कळलंच नाही. चष्मा पुसावा लागला दोनदा. धूळ फार हो आमच्याकडे! सोमवारी अर्ज काचेत लावला आणि विसरून गेलो.

शेवटच्या तारखेपर्यंत अर्ज आले किती? चार! आणि नेमकी त्याच दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. गाल हा एवढा! दातांच्या डॉक्टरकडे पळता पळता आमच्या शिपाईमामांना सांगितलं, "मामा, सगळे अर्ज पाकिटात घाला आणि पाच वाजायच्या आत पाठवून द्या."

मामा म्हणजे कामाला वाघ. सांगितलेलं काम तर करतातच, न सांगितलेलंही करतात. टेबलावर बघतात तर अर्ज चार. साहेब तर बाईंना पाच म्हणाले होते! मामांनी कपाटं धुंडाळली, टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर काचेकडे गेली. "अरेच्चा! वहिनींचा अर्ज इथंच राहिला की! दाढेच्या पायी साहेब बायकोचाच अर्ज विसरले!" किल्ली आणली, काच उघडली, अर्ज पाकिटात. मोकळी जागा वाईट दिसू नये म्हणून तिथं आग विझवण्याच्या सूचनाही लावल्या!

दुसऱ्या दिवशी मला नमुना दिसला नाही. वाटलं, नेला असेल कुणी कार्ट्यानं उतरवून घ्यायला. दर वर्षी नेतात.

तीन आठवड्यांनी निकाल आला. संचालकबाई यादी नाचवतच बाहेर आल्या.

"पाचच्या पाच! पाचही घेतले हो!"

"पाच?" मी म्हटलं. "चार असतील, बाई."

"पाच! आणि पहिला नंबर कुणाचा माहितेय?" त्यांनी यादी माझ्या नाकासमोर धरली. "वा हो! स्वतःची पत्नी, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत! ना वशिला, ना चिठ्ठी! अशी माणसं राहिली नाहीत आता."

माझी पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर शासकीय पाकिटात नमुना गेला, म्हणजे बावीस वर्षांची अब्रू गेली. न सांगावं तर बायको गेली, चार महिने! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मामा मागून मान हलवत उभे होते. "मी घातला हो पाकिटात," ते हळूच म्हणाले. "तुम्ही विसरला होता. आभार नकोत."

मी सायकल काढली आणि घराकडे सुटलो. निदान माझ्या तोंडून कळू दे तिला! पण बातमी माझ्या सायकलीपेक्षा तरुण होती. वर्गातली पोरं आधीच येऊन गेली होती. टेबलावर फुलं, आणि ही खुर्चीत बसलेली, हातात निकालाबरोबर आलेली अर्जाची प्रत. शेवटचं पान उघडलेलं.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"हं."

"मी कधी बोलले नव्हते हे. तुम्हाला कसं कळलं?"

डोळे भरले होते तिचे. सव्वीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं हो! आता तुम्हीच सांगा, या क्षणाला कुठला नवरा म्हणेल, 'अगं, तो नमुना होता'? मी मूग गिळून बसलो. वर छाती थोडी पुढे काढली, ते वेगळं.

पुढचे आठ दिवस माझा थाट काय वर्णावा! बसायच्या आधी पंखा सुरू, मागायच्या आधी चहा. "बघा, मनकवडा नवरा आहे," असं ती शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं. मी कप घेऊन गॅलरीत सटकलो. आणि दुसरीकडे तिचं जाणं जवळ येत होतं. चार महिने! मला माझे मोजे सापडत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर 'आज काय झालं माहितेय का' हे मी सांगायचं कुणाला? ही गेली तर माझं बोलणंच बंद होणार, असं मला वाटायला लागलं.

शेवटी एक अक्कल लढवली. जेवताना हळूच पुडी सोडली. "तू जा गं खुशाल. माझं काही नाही. पण आईचं कसं होईल?"

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनं ताटातून मान वर केली. "माझं नाव पुढे करू नकोस हं! मी माझं बघायला समर्थ आहे. सून जाणार, म्हणजे जाणार. तुला रडायचंय तर स्वतःच्या नावानं रड."

मी भात कालवला.

खरी गोची शनिवारी झाली. तिकडून एक हमीपत्र आलं होतं. ही टेबलाशी बसून ते मोठ्यानं वाचायला लागली. "हा अर्ज मी स्वतःच्या इच्छेने व स्वतः सादर केला आहे." पेन थांबलं. "अहो, पण मी कुठं केला? तुम्ही केलात ना!"

"कर गं सही. सगळे करतात."

"खोटं कसं लिहू?" ती म्हणाली. "मी त्यांना कळवते, माझ्या नवऱ्यानं मला आनंद व्हावा म्हणून माझ्या नकळत अर्ज केला. खरं आहे तेच लिहायचं."

ती खरंच लिहायला लागली की! माझ्या नावानं, माझ्या चांगुलपणाबद्दल, परदेशात! माझ्याच्यानं राहवेना. मी तिचा हात धरला.

"थांब. मीपण केला नाही."

"मग कुणी केला?"

"मामांनी."

आणि मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. अबक, कखग, दाढ, काच, आग विझवण्याच्या सूचना. ती ऐकत होती. चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी उतरत गेलं. तिला आता वाटणार, तेवढा एक आनंद दिला आणि तोही चुकून! मला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे मला पाठवायचं तुमच्या मनातच नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "आताही नाही. तू गेलीस तर मला करमणार नाही. खरंच सांगतो, भीती वाटते मला."

तिनं हमीपत्राची घडी घातली, उलगडली.

"आणि ते पानभर लिहिलंत, ते?"

"ते मीच. पण ते कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं."

"मला दाखवायला नाही? मला खूश करायला नाही?"

"नाही गं. तू झोपली होतीस. दिसलं तसं लिहिलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग नाक ओढलं आणि हसली. "मेलं, सव्वीस वर्षं मला वाटायचं, या माणसाचं लक्षच नाही."

मग एकदम उठून उभी राहिली. "कोरा अर्ज आहे का घरात?"

माझ्या घरात कोरा अर्ज नसेल तर कुणाच्या असेल?

सोमवारी ती स्वतः संचालकबाईंकडे गेली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मी बाहेर टेबलाखाली जायच्या बेतात होतो. आतून एकदम बाईंचं हसणं! इतकं हसल्या की मामा पाणी घेऊन धावले. बाईंनी तिकडे खरं काय ते कळवलं. तिकडून उत्तर आलं: पाचवी जागा रिकामीच आहे, विद्यार्थिनीने स्वतः भरलेला अर्ज आठ दिवसांत पाठवावा, त्यावर नव्याने विचार करू. शिवाय, नमुना लिहिणाऱ्या गृहस्थांना नमस्कार सांगावा!

हिनं तो अर्ज दार लावून भरला. मला डोकावू दिलं नाही. "तुम्ही ऑफिसात बघालच," म्हणाली. निवड झाली, यादीत परत पहिल्या नंबरावर. ही जाऊन आता तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिलं वाक्य तिचं असतं, "बोला, आज काय झालं?" मोजेसुद्धा सापडतात आता मला. आई दाखवते.

पण तुम्ही विचाराल, त्या अर्जात होतं काय? सांगतो. प्रत्येक अर्जाचा प्रत्येक रकाना तपासणं हे माझं कर्तव्यच आहे. 'का जायचं आहे?' यावर दोन पानं, गाळ नि नदीची मुखं, सगळा अभ्यास. माझ्याबद्दल चकार शब्द नाही! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पान उलटलं. शेवटी एक रकाना असतो, पोरं तो नेहमी कोरा सोडतात: 'घरी आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती.' हिनं भरला होता. आईचा उल्लेखसुद्धा नव्हता. सुंदर, वळणदार अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

'एक. वय चोपन्न. सांभाळून घ्यावे, अतिशय प्रिय आहे.'

बावीस वर्षांत इतका अचूक भरलेला रकाना मी पाहिला नाही. मी निमूटपणे 'माहिती तपासली, बरोबर आहे' असा शिक्का मारला आणि खाली सही केली.