हन्मूचं लंगडं यंत्र

आमच्या घरातली भांडी आवाजासाठी चोरीला जात. चोर घरचाच, माझा मावसभाऊ हन्मू. सकाळी यायचा, ओट्यावर बसायचा, आणि मी कॉफी पुढे ठेवली की ती प्यायची सोडून पेल्याखालचा पितळी डबरा, कॉफी निववायची ती खोलगट वाटी, उचलायचा. बोटानं टण्णकन् वाजवायचा नि डोळे मिटून ऐकत राहायचा. आवाज पसंत नसला तर निवांत कॉफी पिणार. पसंत असला तर ती एका घोटात संपवून डबरा माझ्या डोळ्यांदेखत पिशवीत! "कमळी, उद्यां आणून देतों." हन्मूचा तो उद्या कुंभकोणमच्या पंचांगात अजून उजाडायचाय.

"अरे, भांड्यांच्या गावात राहतोस, बाजारातून नवा घे की!" मी ओरडायची.

"नवं भांडं मुकं असतें. तुझं हाताळलेलं, चोखट बोलतें."

बोलतें म्हणे! पाहुणे आले की मी स्टीलच्या वाट्यांतून कॉफी द्यायची आणि हन्मूच्या नावानं बोटं मोडायची.

त्याचं बोलणं हे असं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात कावेरीकाठी आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, तेही तेव्हाचंच. पुण्याहून येणारी माझी जाऊ म्हणते, "हा हन्मू बोलायला लागला की बखर वाचल्यासारखं वाटतं हो." मी म्हटलं, "असेल बखर, पण ही डिस्कोवर नाचते!"

कारण हन्मूला वेड होतं नाचाच्या संगीताचं, तेसुद्धा विजेवर चालणाऱ्या. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सिनेमाची बॅनरं रंगवायचा. उरलेल्या बॅनरच्या कापडाचा त्यानं स्वतः शिवलेला एक सदरा होता. पाठीवर कुठल्याशा नायिकेचा एकच डोळा, हा एवढा मोठा. हन्मू पाठमोरा चालला की म्हाताऱ्या बायकांना पदर सावरावासा वाटे. कोणी नावं ठेवली, की त्याचं एकच उत्तर: "चुकूंदे की!" पाटीवरचं अक्षर वाकडं गेलं, चुकूंदे की. चाळिशी आली तरी लग्न नाही, चुकूंदे की. असा माणूस समोर असला की भांडायलासुद्धा मजा येत नाही.

ऐंशी सालानंतर कधीतरी कुणीतरी सिंगापूरहून त्याला एक छोटा कीबोर्ड आणून दिला. बटण दाबलं की आपोआप डिस्कोचा ठेका सुरू. आठ दिवस गल्लीत दुसरं काही ऐकू आलं नाही. मग हन्मू कंटाळला. म्हणाला, "हा जपानचा ठेका. मला आपल्या घरचा पायजे." आणि माझे डबरे जायला लागले ते तेव्हापासून. भांडी वाजवून तो टेपवर घ्यायचा. मग कॅसेट फोडून आतली फीत कापायची, दोन टोकं चिकटवून तिचं कडं करायचं आणि ते दोन रिळांवर गरगर फिरवत ठेवायचं. तोच ठेका, न थांबता, दिवसभर. त्यावर कीबोर्ड, खाली रेडिओच्या सुट्या भागांतून जुळवलेला माणसाएवढा स्पीकर. खिडकीचे गज थरथरायचे.

ठेका मात्र लंगडा. टण्ण... टक. टण्ण... टक. एक लांब, एक आखूड. सगळ्या गावाचं मत पडलं की हन्मूला फीत चिकटवता येत नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि भजनात बायकांचा फेर चालवते, ताल माझ्या हाडांत आहे. मी त्याला मोजून दाखवलं. "जोड चोखट आहे," एवढंच म्हणाला, नि पुन्हा फीत फिरवायला लागला.

तिरुनागेश्वरमला एका लग्नाच्या रिसेप्शनला त्याला बोलावलं होतं. पोरं नाचायला उठली, आणि यानं लंगडा ठेका लावला. पोरं एकमेकांवर आदळली, कुणाचा पाय कुणाच्या वेष्टीच्या सोग्यात, एक तर थेट पायसमच्या पातेल्यावर. मुलीच्या बापानं स्पीकरसकट याला रस्त्यावर काढलं. पुढे मद्रासच्या एका हॉटेलनं त्याला नाचाच्या संगीतासाठी ठेवून घेतलं. चांगलं चाललं होतं, पेपरात फोटोबिटो आला, आणि हा एक दिवस गाठोडं घेऊन दारात हजर.

"काय झालं रे?"

"तेथें सगळे सरळ नाचतात," म्हणाला. मी कॉफी दिली. डबरा गेला.

त्याच्या घरात दुसरं माणूस एकच, त्याची आई, माझी तुळसामावशी. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय आखडला तो कायमचा. भजनं तिला शेकड्यानं पाठ, गळा असा की भजन सांगणारे भागवतर विसरले की तिच्याकडे बघत. पण फेरात ती कधी नाही. पोरगी असताना एकदा शिरली होती म्हणे, पाय चुकला, फेर मोडला, थोरल्या बायकांनी दंडाला धरून बाहेर काढली: "तुळसा, तू बस ग." ती जी बसली ती बसलीच. दरवर्षी मंडपात खांबाशी बसायची, आमच्या पिशव्या नि तान्ही पोरं सांभाळत, तोंडानं सगळी गाणी म्हणत. आम्हांलाही त्यात वावगं काही वाटत नसे, चांगली सोय होती ना!

आणि हन्मूचा हट्ट एकच. आमच्या भजनमंडळीत वर्षातून एकदा रुक्मिणीचं कल्याण होतं, म्हणजे देवाचं लग्न. लग्न लागण्याआधी बायका समईभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. त्या फेराला एकदा, फक्त एकदा, त्याचं यंत्र वाजलं पाहिजे. दरवर्षी तो विचारी, दरवर्षी मंडळीचे प्रमुख भीमराव भागवतर कानांवर हात ठेवीत. "अरे, देवाच्या दारात डिस्को? आणि तोही लंगडा? मृदंग काय मेला काय?" हन्मू मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा. चांगली दहाबारा वर्षं हे चाललं. दरसाल मावशीचे केस जरा जास्त पांढरे, चाल जरा जास्त हळू. आणि मी तुम्हांला सांगते, त्या ठेक्याची गतीही दरसाल जरा कमी होत गेली. मला वाटलं, मोटर म्हातारी झाली.

त्या वर्षी मात्र त्यानं विचारलंच नाही. व्यासपीठामागचा पडदा तोच रंगवायचा, फुकट. विठ्ठल-रुक्मिणी उभे, मागे कावेरी. देवाचे डोळे शेवटी उघडायचे, म्हणजे रंगवायचे, लग्नाच्या दिवशी सकाळी, ही आमच्याकडची रीत. सकाळी मंडप भरला, हार आले, नादस्वरवाला आला, आणि पडद्यावर बघतो तो नवरानवरी दोघं आंधळी! हन्मू शिडीवर बसून केळं खातोय. खाली त्याचा स्पीकर.

"डोळे?" भागवतर किंचाळले.

"एक फेर माझ्या यंत्रावर. मग डोळे."

"देवाला ओलीस धरतोस, चांडाळा?"

"होय."

काय तो माणूस! भागवतरांनी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, दुसरा रंगारी आणायला माणूस धाडला. रंगारी आला, पण हन्मूच्या चित्रावर ब्रश ठेवायला धजेना. मुहूर्त जवळ येत चाललेला. शेवटी भागवतरांनी उपरणं झटकलं आणि तोंड फिरवून म्हणाले, "लाव एकदाचं तुझं लंगडं!"

लावलं. टण्ण... टक. टण्ण... टक. माझेच डबरे, मी ओळखले! आम्ही बायका समईभोवती उभ्या राहिलो, मी पुढे. पहिल्याच फेरीत माझी टाळी एकीकडे, पाय दुसरीकडे. मागची माझ्या टाचेवर, तिच्यामागची तिच्या पाठीवर. पुरुष खो-खो हसायला लागले. मी लाजेनं लाल. "हन्मू, बंद कर तें!"

हन्मू ऐकतोय कशाला! तो खांबाशी गेला होता. "आई, ऊठ."

"वेडा कां काय? मी चुकेन रे."

"चूक बघूं!"

मावशीनं मांडीवरचं कुणाचं तरी पोर खाली ठेवलं. उठली. पदर खोचला, आणि पाऊल टाकलं. चांगला पाय, टण्ण. आखडलेला पाय, टक. टण्ण... टक. एक लांब, एक आखूड. तिची टाळी बरोबर ठेक्यावर, पाऊल बरोबर टाळीवर. ती जाड्या बायकांमधून वाट काढत समईला वळसा घालून गेली, मान वर, आवाज मोकळा, आणि सबंध फेरात न चुकणारी ती एकटीच होती. मंडपातलं हसू कधी थांबलं कळलंही नाही. जोड खरंच चोखट होता हो. ती मावशीचीच चाल होती, विहिरीपासून चुलीपर्यंतची, हन्मूनं जन्मभर ऐकलेली.

मी हन्मूला शोधलं. तो आमच्याकडे पाठ करून शिडीवर चढला होता, रुक्मिणीचे डोळे उघडत होता. खांदे हलत होते. पाठीवरचा तो नायिकेचा डोळा तेवढा आमच्याकडे टक लावून बघत होता.

मी पुन्हा चुकले. पार गोंधळले, डोळ्यांत पाणी, पाऊल दिसेना. म्हटलं, आपण बाजूला झालेलं बरं, आणि खांबाकडे वळले. तेवढ्यात मावशी फिरून माझ्यापाशी आली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बसूं नको, कमळी," ती म्हणाली. "चुकूंदे की! चल माझ्यासंगें."