जंतू हाय म्हंजे हाय

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की हॉल बघतात, बाल्कनी बघतात. आमच्या शेजारच्या शेवंताकाकू संडास बघतात. आम्ही पिंपळे गुरवला राहायला आलो त्या दिवशी मी चहाचं आधण ठेवायच्या आत बाई थेट आत शिरल्या, कडी दोनदा लावून काढून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ओके. पर पान्याचा मग फुटकाय, त्यो बदल." ओळखपाळख मागाहून झाली.

काकू चाकणजवळच्या खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. बावीस वर्षं एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होत्या. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम. कंपनी सुटली, खोड सुटली नाही. भाजीवाल्याची मेथी रिजेक्ट, माझ्या पोळ्या रिजेक्ट, सोसायटीचा चेअरमन तर निवडून आल्या दिवशीच रिजेक्ट. "मी क्वालिटीत व्हते," एवढं म्हटलं की त्यांच्या मते वाद संपतो.

आता मुख्य विषय. काकूंना सारखी लघवीला लागते. तासाला तीन-चार वेळा, आणि लागली की दम म्हणून निघत नाही. याला त्या 'उन्हाळी' म्हणतात, अगदी डिसेंबरातसुद्धा. आणि उन्हाळीवर त्यांच्याकडे एकच इलाज, जंतू मारायचे. कधीकाळी खरोखरच जंतू सापडले म्हणून एका डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. बाईंनी दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या जपून ठेवल्या. तेव्हापासून बिस्किटाच्या डब्यात अँटिबायोटिकचा स्टॉक असतो. जुनी गोळी आधी, नवी मागून, हा स्टोअरमधला नियम. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, त्यामुळे माल कधी संपत नाही. कोर्स पुरा करावा असं कुणी सुचवलं तर म्हणतात, "पीस ओके झाल्याव परत कोन तपासतं?"

हे शहाणपण स्वतःपुरतं ठेवतील तर त्या काकू कसल्या! गेल्या मे महिन्यात मला जळजळ व्हायला लागली, तर पाचव्या मिनिटाला डबा घेऊन दारात हजर. मी शिकलेली, संगणकावर नोकरी करणारी, तरी गाढवासारखी ती गोळी गिळली. आठवडाभर अंगावर गांध्या उठत होत्या. काकूंनी माझा दंड उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "माल चांगलाय. तुझं अंगच रिजेक्ट हाय."

तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं सोडलं. त्यात लेकीचं प्रकरण. एकुलती एक लेक, संगीता, जालन्याला दिलेली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाळंतपणही तिकडेच झालं. नातीचं बारसं झालं, नात रांगायला लागली, आता धरून उभी राहते, आणि आजीबाई अजून पिंपळे गुरवातच. मोबाईलवर नातीला बघतात आणि मध्येच उठून जातात. कधी जाणार म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "जंतू निघाले की निघते." एकदा हळदीकुंकवात मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काकू, नातीपेक्षा जंतूच जवळचे दिसतात तुम्हाला." बायका हसल्या. काकू उठून बाथरूमला गेल्या. मला वाटलं, नेहमीसारखंच.

गेल्या महिन्यात त्यांनी लघवीची तपासणी करून घेतली आणि रिपोर्ट इंग्रजीत म्हणून मला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. मी दारातच वाचला आणि म्हटलं, "जंतू वाढलेच नाहीत, काकू. पेढे वाटा."

"नीट बघ. जंतू हाय म्हंजे हाय."

मी परत वाचलं. काकूंचा चेहरा असा पडला, की पेढ्यांचं बोलले नसते तर बरं झालं असतं.

"साध्या तपासणीत काही जंतू निसटतात, हे खरं आहे," आत गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावर आमच्यातही वाद आहेत. पण म्हणून अंदाजानं अँटिबायोटिक खात सुटायचं नाही. तुमचं मूत्राशय उतावळं झालंय. घड्याळ लावून जायचं, लागली की जरा थांबायला शिकायचं. त्यानं नाहीच भागलं तर वेगळी गोळी देते."

"मला थांबाया शिकीवता?" काकू म्हणाल्या. "बावीस वर्सं थांबलेच की. चहाची सुट्टी झाल्याबिगर टेबल सोडू द्येत न्हवते." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "जंतू असते तर बरं झालं असतं गं. औषिदानं मेले असते. आन् लोकांस्नी सांगाया काय तरी व्हतं."

मी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला. "बाई बंद कर म्हनल्या. तूच टाक." मी झाकण उघडलं. गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पाकिटांखाली कंपनीतला तपासणीचा छापील कागद होता. वर पेनाने लिहिलेलं, 'जालना'. खाली एकेक गाव आणि तिथल्या स्टँडवरच्या नाहीतर पंपावरच्या संडासाचा निकाल. चाकण, ओके. शिक्रापूर, रिजेक्ट, पाणी नाही. रांजणगाव, ओके. शिरूर, ओके. कडेला तारखा होत्या, सहा. सहा वेळा काकू लेकीकडे जायला निघाल्या होत्या. शिरूरच्या पुढे कागद कोरा होता.

"डायवरला तरी किती डाव गाडी थांबवाया सांगायची?" काकू कागदाकडे न बघता म्हणाल्या. "लोक हसत्यात. मंग उतरायचं आन् माघारी यायचं."

हसणाऱ्यांत मीही होते. त्या हळदीकुंकवाची मला इतकी लाज वाटली, की डबा तसाच घेऊन घरी आले. कागद तेवढा त्यांना परत दिला.

शनिवारी मी आमची गाडी काढली. दर पंपाला थांबायचं, असं आधीच ठरवलं होतं. शिरूर मागे पडलं तशा काकू पुढे वाकून रस्ता बघायला लागल्या. पुढच्या पंपावर मी गाडी आत घेतली. काकू गेल्या, आल्या, तो कागद मांडीवर पसरला आणि पाचवी ओळ लिहिली.

"रिजेक्ट," त्या म्हणाल्या. "कडी न्हाई."

मग नातीच्या फ्रॉकची पिशवी पोटाशी धरली.

"चल पुढं."